शिवणाच्या डब्यातले तीन तास

आमची कस्तुरी पानावर बसली की लगेच जेवत नाही. आधी बघते. भातात खडा असेल तर तो दाताखाली यायची वाट तिला बघावी लागत नाही, तो तिला वाढतानाच दिसतो. चौथीत होती तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलीने शिवलेला एक परकर हातात घेऊन म्हणाली, "आत्या, इथे तीन टाके मोठे पडलेत." मी काशीच्या दुर्गाघाटावरची नंदा, एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं, आणि मला ते टाके दिसले नव्हते. आधी मी तिला एक धपाटा घातला, मग चष्मा लावून बघितलं. तीनच होते!

देवाने नजर दिली, पण बूड नाही दिलं. एका जागी म्हणून बसणार नाही. बसली तर पाय हलवत राहणार. तिची आई सुरेखा, माझी भावजय, सारखी म्हणायची, "अगं, पाय हलवू नकोस, घरातली लक्ष्मी जाते." लक्ष्मी राहिली बाजूला, सुरेखाच गेली, सहा वर्षांपूर्वी, तीन दिवसांच्या तापात. तेव्हापासून घरात आम्ही तिघं. माझा धाकटा भाऊ ढुंढिराज, जो याज्ञिकी करतो आणि घरी असला तरी घरात नसतो; कस्तू; आणि मी. मी लग्न केलं नाही. का केलं नाही ते विचारायचं नाही.

बीएस्सी झाल्यावर कस्तूने तीन वर्षं बँकांच्या परीक्षा दिल्या आणि तिन्ही वर्षं थोडक्यात राहिली. निकालाच्या दिवशी गच्चीवर अशा येरझाऱ्या घालायची की खाली मला शिवणाच्या मशीनवर बसवेना. मग तिने कुठूनतरी ही नोकरी शोधून काढली. आशापूरच्या पुढे एक कंपनी आहे, नाव मी सांगणार नाही, तिथे भारीतली घड्याळं बनतात. भारी म्हणजे किती? मी एकदा विचारलं आणि नंतर कधी विचारलं नाही. आतलं मशीन परदेशातून येतं, तबकडीवरची गुलाबी मीनाकारी गायघाटाकडचे कारागीर करतात, आणि सगळं एकत्र बसवतात आशापूरला. कस्तूचं काम सगळ्यांत शेवटचं आणि सगळ्यांत खालचं, क्यूसी. तयार घड्याळ घ्यायचं, डोळ्याला आयग्लास, म्हणजे भिंग, लावायची आणि खोट शोधायची. काचेआड धुळीचा कण आहे का, काटा काट्याला घासतोय का, किल्ली देताना बोटाला खरखर लागते का. खोट सापडली की घड्याळ परत, नाही सापडली की हिची सही.

ढुंढिराज म्हणाला, "चुका काढायचा पगार मिळतो? घरी तर फुकट काढते."

आणि तिथले नियम काय सांगू! चपला बाहेर, मग धुतलेला कोट, डोक्याला टोपी, बोटांना रबराच्या टोप्या. बांगडी नाही, पावडर नाही, कपाळाला पिंजर नाही, कारण तिचा कण उडतो. चिकटवायची टिकली चालेल. कोट घातल्यावर बाहेरच्या माणसाला शिवायचं नाही. मी म्हटलं, "अगं, हे तर आमच्यापेक्षा कडक सोवळं झालं! आम्हाला निदान गंगेत बुडी मारली की सुटका आहे." ती हसली नाही. तिला ते सगळं मनापासून पटलं होतं. आठ तास ती तिथे एका जागी बसत होती. मी विचारलं, "आणि पाय?" म्हणाली, "पाय हलतो गं. हात हलत नाही."

तिच्या पलीकडच्या टेबलावर वेणीमाधवजी बसतात. राहायला आमच्याच बाजूला, ब्रह्माघाटाच्या गल्लीत. चौकात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. मोबाइल आले आणि दुकान बसलं, पण एवढा स्थिर हात सबंध बनारसात नव्हता म्हणून कंपनीने घरी येऊन बोलावून नेलं. सगळी परदेशी अवजारं समोर मांडलेली असताना ते आपला जुना चिमटाच वापरायचे, त्यांच्या उस्तादांनी दिलेला. नियमात बसत नव्हतं, पण बोलायची कोणाची छाती नव्हती. त्यांचं घड्याळ परत करायची वेळ आली की कस्तू भीतभीत करायची. ते आयग्लास लावून बघायचे आणि म्हणायचे, "आँख है बिटिया की." एवढ्यावर ही घरी येऊन मला तीनदा तेच सांगायची. साडेपाच महिने झाले होते. सहा महिने पुरे झाले की पक्कं करायचं पत्र मिळणार होतं, आणि त्या पत्रावर या घरातल्या तिघांचे डोळे लागले होते. खोटं कशाला बोलू, माझे सगळ्यांत जास्त.

आता नीट ऐका. भाद्रपदातला पितृपंधरवडा. काशीत तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. ढुंढिराज पहाटे बाहेर पडतो तो दुपारी दोनला येतो. अष्टमीला शनिवार होता. त्या संध्याकाळी साडेपाचला कस्तूला एका घड्याळात, मीनाकारीच्या कमळावर, एक तंतू दिसला. वेणीमाधवजींनी घड्याळ उघडलं, आपल्या चिमट्याने तंतू उचलला, बंद केलं. उघडलेलं घड्याळ खरं तर परत मशीनवर लावून त्याची चाल बघावी लागते. पण सुटायची वेळ झालेली, आणि त्यांच्या वरच्या नीरजा मॅडम, पुण्याच्या, म्हणाल्या, "सकाळीच पास झालंय ना? मग राहू दे आता. कस्तुरी, हे तूच घाल."

घाल म्हणजे, सात दिवस मनगटावर घालून बघ. काही ठरावीक घड्याळांची अशी परीक्षा असते. सोबत एक तक्ता. रविवारी नोंद नाही, सोमवारपासून रोज सकाळी आठला किती सेकंद पुढे, किती मागे, ते लिहायचं. आंघोळीपुरतं काढलं तर तेही लिहायचं. आणि तासापेक्षा जास्त वेळ काढलं तर सात दिवस पुन्हा पहिल्यापासून. ते घड्याळ कोणाच्यातरी लग्नात द्यायचं होतं, दिवस मोजलेले होते. कस्तू घरी आली ती डावा हात कडेवर मूल घेतल्यासारखा धरून. मी म्हटलं, "जेवणार आहेस की यालाच भरवणार आहेस?"

दुसऱ्या दिवशी, रविवारी, अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध आमच्यात त्या दिवशी होतं, म्हणजे आमच्या सुरेखाचं. सवाष्ण जेवायला, खीर, वडे, सगळं सोवळ्यात. साडेनऊला कस्तू न्हाऊन, सोवळ्याचं पातळ नेसून स्वयंपाकघराच्या दारात आली, आणि मनगटावर ते. पट्टा चामड्याचा! मगरीच्या चामड्याचा आहे, हे वर मलाच सांगते.

"काढ ते," मी म्हटलं.

"आत्या, काढायचं नाहीये. नियम आहे."

"या घरातही नियम आहे. आईच्या श्राद्धाच्या खिरीत चामड्याचा हात घालणार आहेस?"

बोलायला नको होतं असं. तिचा चेहरा एवढासा झाला. तिने घड्याळ काढलं. मी अजून सोवळं नेसले नव्हते, म्हणून मीच ते हातात घेतलं. ती म्हणाली, "सांभाळून ठेव हं, आत्या. प्लीज." आता आमच्याकडे खिडकीत वस्तू ठेवली तर माकड नेतं. मी ते माझ्या शिवणाच्या डब्यात ठेवलं. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकण घट्ट बसतं. वर माझी दुलई ठेवली आणि न्हायला गेले.

सवाष्ण जेवून उठली तेव्हा एक वाजायला पाच मिनिटं होती. कस्तूने हात पुसायच्या आत घड्याळ मागितलं. मनगटावर बांधलं, तक्ता समोर घेतला आणि पेन हातात धरून बसली. "सव्वातीन तास झाले गं. लिहिलं तर परत सात दिवस. लग्नाचा दिवस चुकेल. आणि पुढच्याच आठवड्यात माझ्या पत्रावर सही व्हायचीये."

"मग नको लिहूस. कोण बघायला आलंय? घड्याळ काय पानावर बसलं होतं?" उचलली जीभ, लावली टाळ्याला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग पेनाला टोपण घातलं.

सोमवारी सकाळी आठला तिने फोन आणि घड्याळ शेजारी शेजारी धरलं, आणि तिचा हलणारा पाय थांबला. दिवसाला चार-पाच सेकंदांची मुभा असते. घड्याळ सहा मिनिटं पुढे गेलं होतं.

कंपनीत काय झालं ते तिने संध्याकाळी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. घड्याळाला चुंबक लागलं होतं. त्यांच्यात केसासारखी बारीक स्प्रिंग असते, बालकमानी म्हणतात. तिला चुंबक लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळत सुटतं. इलाज सोपा. एका यंत्रावरून नेलं की एका सेकंदात उतरतं. उतरलं, घड्याळ सुतासारखं सरळ झालं. पण लागलं कुठून? शनिवारी सकाळी मशीनवर ठीक होतं. त्यानंतर उघडलं वेणीमाधवजींनी. मग नीरजा मॅडमनी त्यांचा चिमटा होकायंत्राजवळ धरला. सुई हलली. जराशीच हलली, पण हलली.

"आणि मला विचारलं गं, सगळ्यांसमोर. कस्तुरी, हातातून काढलं होतंस? कुठे ठेवलं होतंस?"

"मग?"

"मी म्हटलं, नाही."

वेणीमाधवजींनी काही वाद घातला नाही. आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं आणि म्हणाले, "हो सकता है. उमर हो गई है." मॅडमनी त्यांना पुढचा निर्णय होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. त्यांनी कोट खुंटीला लावला, चिमटा रुमालात गुंडाळला आणि गेले.

त्या रात्री कस्तू जेवली नाही. मी दोनदा वाढलं, दोनदा झाकलं. मंगळवारी कामावर गेली, समोरची खुर्ची रिकामी, आणि दिवसभर हिला एकही खोट दिसली नाही. सगळी घड्याळं पास. संध्याकाळी आली ती चपला काढायच्या आत माझ्यासमोर उभी राहिली. "आत्या, रविवारी घड्याळ कुठे ठेवलं होतंस?"

"शिवणाच्या डब्यात. आणखी कुठे?"

"दाखव."

मला राग आला. माझ्या डब्याला या घरात कोणी हात लावत नाही. तरी मी उघडला. रिळं, बटणं, खडू, कात्री, आणि तळाशी तो काळा चुंबक. ढुंढिराजच्या भजनी मंडळाचा भोंगा फुटला होता, त्यातला मी काढून घेतला होता, पंधरा वर्षं झाली. फरशीवर सांडलेल्या टाचण्या एका फेरीत गोळा होतात. आत्ताही त्याला सुया, टाचण्या लगडल्या होत्या. कस्तू बघतच राहिली. मग ढुंढिराजच्या खोलीत गेली आणि त्याचं होकायंत्र घेऊन आली. यज्ञकुंडाची दिशा बघायला तो ते ठेवतो. डब्यापासून हातभर लांब असतानाच त्याची सुई गरकन फिरली.

"तीन तास," कस्तू म्हणाली. "सव्वातीन तास ते याच्यावर होतं."

मी आधी काय म्हटलं असेन? म्हटलं, "माझ्या डब्याला नावं ठेवू नकोस! एवढी लाखाची घड्याळं, आणि टाचण्यांच्या चुंबकाने बिघडतात?" माणूस सापडला की आधी असंच बोलतो. ती ऐकत नव्हती. चपला परत पायात घालत होती.

"कुठे निघालीस?"

"ब्रह्माघाट. वेणीमाधवजींच्या घरी. आत्ता सांगून येते त्यांना."

मी दारात आडवी उभी राहिले. लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, "कस्तू, शांत डोक्याने विचार कर. त्यांचं वय झालंय. आज नाही तर उद्या घरी बसायचेच आहेत. तुझं सगळं पुढे आहे. तीन वर्षं त्या परीक्षांच्या मागे काय हाल झाले ते मी बघितलेत. एक शब्द बोललीस तर पत्र गेलं, नोकरी गेली."

"आणि त्यांचं नाव?"

"नावाचं काय घेऊन बसलीस! निदान आजची रात्र जाऊ दे. उद्या बघू."

ती दाराशीच बसली. मग उठली, गच्चीवर गेली. मी खाली तिच्या पावलांचा आवाज ऐकत होते. कठड्यापर्यंत, परत, कठड्यापर्यंत, परत. ढुंढिराज संध्या आटोपून आला, वर बघून म्हणाला, "आज कसला निकाल आहे?" मी म्हटलं, "जेव आणि झोप." खाई त्याला खवखवे म्हणतात ना, मला शिवणाच्या मशीनजवळ बसवेना की देवाजवळ. दुसऱ्याच्या तीन टाक्यांवर बोट ठेवणारी पोर मी हातांनी वाढवली, आणि आज मीच तिला सांगत होते, हे टाके दिसले तरी बोलू नकोस.

बुधवारी सकाळी ती न्हाऊन खाली आली तेव्हा मी इरकल नेसून, डबा पिशवीत घालून दारात तयार होते. "चल," मी म्हटलं. "डबा माझा आहे. मी येते."

मैदागिनपर्यंत चाललो, तिथून टोटो, म्हणजे बॅटरीची रिक्षा, केला. माझ्या मांडीवर डबा आणि शेजारी कस्तू. तिचा पाय इतका हलत होता की टोटोवाला मागे वळून म्हणाला, "दीदी, गाड़ी में कुछ खड़खड़ा रहा है क्या?"

नीरजा मॅडम माझ्या समजुतीपेक्षा तरुण निघाल्या. कस्तूने उभ्यानेच सांगितलं. सगळं, न थांबता. मग कोरा तक्ता मागून घेतला आणि माझ्यासमोर लिहिला. रविवार, सकाळी नऊ चाळीस ते दुपारी बारा पंचावन्न, घड्याळ मनगटावर नव्हतं. कारण, आईचं श्राद्ध. ठेवलेली जागा, शिवणाचा डबा, आत चुंबक. खाली सही. मी डबा टेबलावर ठेवला तर तिथली माणसं खुर्च्या मागे घेऊन उठली. खोलीत चाळीस घड्याळं उघडी, आणि मी चुंबक घेऊन आलेली! झाली ना पंचाईत. डबा धावत बाहेर अंगणात नेऊन ठेवला.

मी म्हटलं, "काढ म्हणणारी मी, ठेवणारी मी, आणि लिहू नकोस म्हणणारीही मीच. मला बोला."

मॅडम म्हणाल्या, "काकू, सही तुमची नव्हती." कस्तूने लिहिलेला तक्ता आपल्याकडे ओढला. मग म्हणाल्या, "शनिवारी मी ते मशीनवर लावू दिलं नाही. तेव्हाच लावलं असतं तर वेणीमाधवजींवर आळच आला नसता. ते माझं." आणि फोन उचलून त्यांना बोलावून घेतलं.

ते दुपारी आले. कस्तू त्यांच्यासमोर उभी राहिली आणि सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं बोलली. मला वाटलं होतं, म्हातारा माणूस आहे, डोक्यावर हात ठेवेल, जाने दो बिटिया म्हणेल. छे! ते सरळ म्हणाले, "दो रात मैं सोया नहीं. पैंतालीस साल के हाथ पर शक हुआ. किसी और ने नहीं किया, मैंने किया. तुमने कराया." कस्तूने मान खाली घातली नाही. ऐकून घेतलं. मॅडम म्हणाल्या, "आपकी कुर्सी आपकी ही है. कल से नहीं, आज से बैठिए. अपना चिमटा भी ले आइए, अब कोई नहीं टोकेगा."

"चिमटा अब कहाँ," ते म्हणाले. "आज सुबह नहाने गया था. गंगाजी में डाल आया."

आज सुबह. मंगळवारी संध्याकाळी कस्तू चपला घालून निघाली होती. ब्रह्माघाटाची गल्ली, चालत सहा मिनिटं. उद्या बघू, मी म्हटलं होतं.

कस्तूला काढलं नाही. पण पक्कं करायचं पत्र फाडलं. सहा महिने पुन्हा पहिल्यापासून, आणि सात दिवस तेच घड्याळ पुन्हा मनगटावर. लग्नाचा दिवस चुकला तो चुकलाच, गिऱ्हाइकाला कंपनीने कळवलं. तक्त्यावर रोज घरातल्या एका माणसाची सही हवी, अशी नवी अट. ती सही मी करते. शनिवारी सर्वपित्री अमावास्या आली. पुन्हा सोवळं, पुन्हा चामड्याचा पट्टा. मी ढुंढिराजला सांगितलं, शेगडी उचल आणि बाहेरच्या पडवीत आण. तो म्हणाला, "ताई, हे काय नवीन?" मी म्हटलं, "स्वयंपाकघरात चामडं चालत नाही. पडवीबद्दल कोणी काही सांगितलेलं नाही." कस्तू हातभर लांब बसून मला एकेक जिन्नस सांगत होती, खीर लागतेय, आत्या, ढवळ. लागत होतीच.

आणि चुंबक? तो मी आता टाचण्यांना वापरत नाही. आमच्या घाटांवर लोक दोरीला चुंबक बांधून गंगेतली नाणी काढतात, हे मी जन्मभर बघत आलेय. नायलॉनची दोरी आणली, चुंबकाला घट्ट गाठ मारली. वेणीमाधवजींना जागा विचारली तर आधी बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन पायरी दाखवली, "यहीं से," आणि निघून गेले. पुराचं पाणी नुकतंच उतरतंय, पायऱ्यांवर गुडघाभर गाळ. उजाडता उजाडता मी आणि कस्तू जातो. ती डावा हात घड्याळासकट पदरात गुंडाळून वरच्या पायरीवर बसते, मी खाली दोरी टाकते. खिळे येतात, नाणी येतात, केसांच्या पिना, एकदा तर कोणाच्यातरी कुलपाची किल्ली आली. मी जे वर काढते ते दुरून बघून ती म्हणते, "नाही." नावाडी हसतात. "माताजी, कितना कमा लिया?" मी त्यांना मराठीत दोन शब्द ऐकवते, कळत नाहीत ते बरंय.

सात दिवस संपले. घड्याळ तीन सेकंद पुढे होतं, म्हणजे पास. ते गेलं. आम्ही अजून जातो. चिमटा मिळालेला नाही.

वेणीमाधवजी कामावर आहेत. कंपनीचा चिमटा वापरतात. कस्तू सांगते, काम पूर्वीसारखंच चोख आहे, कणभर फरक नाही. फक्त एक नवीन झालंय. प्रत्येक घड्याळ तिच्या टेबलावर ठेवताना ते थांबतात आणि विचारतात, "देख तो बिटिया, हाथ ठीक है न?" आयुष्यात त्यांनी हे कोणाला विचारलं नव्हतं. ती आयग्लास काढते, त्यांच्याकडे बघते आणि म्हणते, "ठीक है, दादा. पहले भी ठीक था." ते मान हलवून जातात. पुढचं घड्याळ घेऊन येतात आणि पुन्हा विचारतात.

रोज संध्याकाळी ती आली की मी एवढंच विचारते, आज किती वेळा?

काल म्हणाली, "अकरा." आणि पानावर बसली. मी तिला भात वाढला, आणि दोरी आणि चुंबक पिशवीत भरून दाराशी ठेवलं. सकाळी पाचला निघायचं असतं.